चाळिशीत गाडी शिकताय? भीती वाटते? मग हे वाचा

आधी लर्निंग लायसन काढा, ते 6 महिने चालतं आणि 30 दिवसांनी पक्क्यासाठी अर्ज करता येतो, म्हणजे घाई करायचं कारणच नाही. क्लास लावताना सरांच्या बाजूला पण ब्रेक-क्लच आहे का ते बघा, आणि पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा की मला भीती वाटते. चांगला शिकवणारा ओरडत नाही. ओरडणारा असेल तर सरळ बदला, पैसे गेले तरी चालतील.

सुरुवात सकाळी सहाला, आमच्या कोल्हापुरात रंकाळ्याच्या बाजूला किंवा युनिव्हर्सिटी रोडला. गर्दीच्या महाद्वार रोडचं नाव महिनाभर काढू नका!

सगळ्यात जास्त भीती चढाची, गाडी मागं जाईल म्हणून. तर हँडब्रेक ओढायचा, फर्स्ट गिअर टाकायचा, क्लच अगदी हळू सोडत यायचं, गाडी थरथरायला लागली, बॉनेट जरा उचललं की थोडा अ‍ॅक्सिलरेटर देऊन मग हँडब्रेक खाली, मागचा कितीही हॉर्न वाजवू दे. मी हे एकच वीस-पंचवीस वेळा केलं, सर शांतपणे "परत करा ताई" एवढंच म्हणायचे. बंद पडली तर क्लच दाबून परत स्टार्टर.