जाड दंड आणि ब्लाउजची बाही
माझे दंड जाड असल्यामुळे मी अनेक वर्षे ब्लाउजची बाही 5 इंचांची शिवून घेत असे. परंतु ती नेमकी दंडाच्या सर्वांत रुंद भागावर संपत असल्याने आणि तिथेच जरीचा आडवा काठ येत असल्याने पाहणाऱ्याची नजर तिथेच अडकत असे. गेल्या दिवाळीत मी बाही कोपराच्या किंचित वर, 10 इंचांपर्यंत वाढवून घेतली, काठ काढून टाकला आणि दंडघेर 1 इंच सैल ठेवला. मुंढा (बाही जिथे जोडतात तो काखेभोवतीचा घेर) मात्र सैल करू दिला नाही, कारण तो खाली उतरला की हात उचलताना सगळा ब्लाउजच वर सरकतो (हे शिंप्याला दोनदा सांगावे लागले). शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेले जादा कापड, सोडलेली असल्याने जुने दोन ब्लाउज दंडात उसवून सैल करता आले. लांबी अर्थातच तेवढीच राहिली.