ट्रकवर ड्रायव्हर ठेवताना मालकाने काय सांभाळायचं

भाडं घेतलं की त्याच क्षणी ड्रायव्हरची झोपही ठरते. म्हणून पार्टीला, म्हणजे भाडं देणाऱ्या गिऱ्हाइकाला, गाडी पोचायची वेळ सांगण्याआधी कागदावर तास मांडा. ६०० किलोमीटरची ट्रिप आणि भरलेल्या गाडीची खरी सरासरी ताशी ४० असेल, तर नुसतं स्टिअरिंगच १५ तासांचं झालं. एका माणसासाठी हे दोन दिवसांचं काम आहे. युरोपात साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं थांबावंच लागतं. अमेरिकेत सलग १० तास सुट्टी झाल्यावरही मालाची गाडी जास्तीत जास्त ११ तासच चालवता येते. तुम्हाला लागू असलेली मर्यादा पाहून घ्या आणि रोज तिच्या टोकाला जाऊ नका.

खरा घोळ लोडिंगच्या रांगेत होतो. ड्रायव्हर पहाटे ५ ला उठला, माल भरेपर्यंत दुपारचे ३ वाजले. मालकाला वाटतं गाडी आत्ता तर निघाली. पण तो माणूस १० तास जागा आहे आणि रात्री १० ला त्याचे १७ तास भरतील. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा मंदावतो, हे १९९७ मध्ये प्रयोगातून दिसलं आहे. त्यात मध्यरात्री २ ते पहाटे ६ शरीर स्वतःच झोप मागतं. ताशी ८० च्या वेगात ३ सेकंद डोळा लागला तरी गाडी जवळपास ६७ मीटर पुढे गेलेली असते. म्हणून रांगेतले तास कामातच धरा, आणि लोडिंगला उशीर झाला तर पार्टीला फोन तुम्ही करा. ते ड्रायव्हरच्या गळ्यात घालू नका.

पगार फक्त ट्रिपवर दिलात तर झोप मोडायला तुम्हीच पैसे देताय. महिन्याचा ठरलेला पगार द्या, वर बाहेरगावचा भत्ता द्या. ट्रिपवरच द्यायचं असेल तर थांबण्याच्या तासांचे पैसे वेगळे लावा. उचलीची वही वेगळी आणि डिझेल, टोल, पंक्चरची वही वेगळी. दोन्हींवर दोघांच्या सह्या हव्यात. या दोन वह्या एकत्र झाल्या की भांडण ठरलेलं. ओव्हरलोडचा दंड मालकाचा, सिग्नल तोडल्याचा ड्रायव्हरचा, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

कामावर घेताना लायसन्सचा वर्ग आणि मुदत बघा, पण तेवढ्यावर भागत नाही. भरलेली गाडी रिव्हर्स घ्यायला लावा, उतारावर न्या. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकतो की ब्रेक दाबत उतरतो, यातच माणूस कळतो. सतत दाबलेले ब्रेक तापून धरेनासे होतात.

गाडी धड ठेवणं ही मालकाचीच जबाबदारी. चाक काढून बसवलं की नट कंपनीने दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने) आवळा आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा; रंग, गंज आणि मळ दबला की नट सैल पडतो. नटापासून बाहेर गंजाची बारीक रेघ ओघळलेली दिसली तर तो हलतोय. पान्याला पाइप लावून त्यावर उभं राहू नका, स्टड (नट ज्यावर बसतो तो बोल्ट) ताणला जातो आणि पुढे कुठेतरी तुटतो. ब्रेकच्या हवेच्या टाक्यांत साठलेलं पाणी रोज सोडा. टायरची हवा गाडी निघण्याआधी, टायर थंड असताना मोजा. लॅशिंग करताना, म्हणजे माल पट्ट्यांनी किंवा साखळ्यांनी गाडीला बांधताना, तो पुढे सरकू नये म्हणून त्याच्या वजनाच्या ८० टक्के जोर अडवण्याची तयारी धरतात. म्हणजे १० टन मालाला ८ टन. ताडपत्री आणि तिची दोरी हे काम करू शकत नाही.

"ही गाडी अशी निघणार नाही" म्हणायचा अधिकार ड्रायव्हरला लेखी द्या. त्याने तो वापरला म्हणून त्या दिवसाचा पगार कापलात, तर पुढच्या वेळी तो खराब ब्रेक घेऊन गुपचूप निघेल.

चालत्या गाडीवर फोन करू नका. बोलणं थांब्यावरच, वेळ आधी ठरवून.

विम्यात पगारी ड्रायव्हरची दुखापत आणि मृत्यू धरला आहे का, हे पॉलिसीच्या कागदावर स्वतः वाचा. काही पॉलिसींत तो भाग वेगळे पैसे भरल्याशिवाय येत नाही. अपघाताचा फोन आला तर पहिला प्रश्न "तुला लागलंय का?" हाच. मग रुग्णवाहिका, पोलिस, विमा कंपनी, आणि माल सगळ्यात शेवटी.