सॉकेटमधले ते तीस सेकंद

प्लंबिंग शिकताना पाइप निवडणं त्यातल्या त्यात सोपं. थंड पाण्याला यूपीव्हीसी (साधं कडक पीव्हीसी प्लास्टिक) चालतं, पण ६० अंशांच्या पुढे ते भरवशाचं नाही. गीझरच्या लाइनला सीपीव्हीसी किंवा पीपीआर ही गरम पाणी सोसणारी प्लास्टिकंच. सीपीव्हीसीला सोल्युशनही (जोड चिकटवायचं द्रावण) सीपीव्हीसीचंच. 'सगळं एकच असतं रे' म्हणत पीव्हीसीचा उरलेला डबा पुढे करणारा उस्ताद भेटला, तर त्याच्याकडून भिंतीत झिरी मारायला शिका, जोड मारायला नको.

मला नडलं ते सॉकेट, म्हणजे एल्बो-टीसारख्या फिटिंगचं पाइप आत बसतो ते तोंड. सीपीव्हीसीचं सॉकेट आतून निमुळतं असतं, हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. कोरडा पाइप घालून बघा: साधारण एक तृतीयांश ते दोन तृतीयांश खोलीवर तो अडतो, आणि अडायलाच हवा. सैलपणे तळाला टेकला तर ते फिटिंग बाजूला ठेवा. सोल्युशनने दोन्हीकडचं प्लास्टिक मऊ पडतं, तेव्हा कुठे पाइप तळापर्यंत जातो. आणि गेला की तेच निमुळतं सॉकेट त्याला हळूच मागे रेटतं! पाव वळसा देऊन आत दाबा आणि किमान ३० सेकंद धरून ठेवा. मोबाइल वाजू दे. लवकर सोडलेला जोड बाहेरून झकास दिसतो, लाइनमध्ये दाब भरून केलेल्या टेस्टिंगलाही कधीकधी टिकतो. टाइल्स बसल्यावर, गरम पाणी खेळायला लागलं की मग रडवतो.

पाइप सॉकेटमध्ये किती खोल जायला हवा, त्याची खूण पाइपवर करतात, पण ती सोल्युशनने पुसली जाते. म्हणून आणखी एक खूण ५ सेंटीमीटर मागे करा. जोडल्यावर सॉकेटच्या तोंडापासून तिथपर्यंत बरोबर ५ भरले पाहिजेत. ६ भरले तर जोड कापा. हळहळू नका, फिटिंग भिंतीपेक्षा स्वस्त असतं.

सुरुवातीला हात संथच चालतो, चालू द्या. पाइप तिरका कापणं, कापलेल्या कडेचा बर (खरबरीत कंगोरा) न काढणं, हे सगळ्यांचंच होतं आणि सुटतंही.

एका बाबतीत मात्र सूट नाही: टेस्टिंग पाण्यानेच, तेही लाइनमधली हवा काढून. कॉम्प्रेसरने हवा भरलेला प्लास्टिक पाइप फुटला तर तुकडे उडतात, डोळा जातो.

आणि पाइप भिंतीला धरणारे क्लॅम्प आवळून टाकू नका. तापमान ५० अंशांनी वाढलं की सीपीव्हीसीचा ३ मीटरचा पाइप सुमारे १ सेंटीमीटर लांबतो. त्याला सरकायला जागा लागते.