छोट्या रीफ टँकचं पाणी रोज कसं भरायचं

नॅनो रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवलेल्या छोट्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, पाणी उडतं पण मीठ उडत नाही, त्यामुळे २० लिटरच्या टाकीतलं १ लिटर जरी कमी झालं तरी खारटपणा ३५ वरून जवळजवळ ३७ वर (दर हजार भाग पाण्यात मिठाचे भाग) जातो आणि कोरल मिटून बसू शकतात. गोव्यात एप्रिल-मेमध्ये पाणी थंड ठेवायला वरून पंखा लावला की हे आणखीनच पटापट होतं.

१. खारटपणा ३५ ला, म्हणजे रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं उपकरण) साधारण १.०२६ या घनतेच्या आकड्याला सेट करा आणि पंप चालू असतानाच काचेवर बाहेरून परमनंट मार्करने रेघ मारा. मागे पंपाचा वेगळा कप्पा असेल तर रेघ तिथेच मारायची, कारण पातळी तिथेच उतरते, पुढे दिसतसुद्धा नाही.

२. रोज ठरलेल्या वेळी रेघेपर्यंत साधं आरओचं (आरओ फिल्टरमधून गाळलेलं) पाणी घाला. मिठाचं नको, नळाचंही नको. पंपाजवळ हळूहळू ओता, म्हणजे लगेच मिसळतं, कोरलवर थेट अजिबात नको.

३. आठवड्यातून एकदा रिफ्रॅक्टोमीटरने बघून घ्या, बस्स.

पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की पाणी कमी उडतं, तेव्हा मे महिन्याच्या सवयीने मगभर पाणी ओतू नका, रेघ बघूनच घाला.

एक सांभाळा, दोन-चार दिवस गावाला जाऊन आलात आणि पातळी बरीच उतरलेली दिसली तर सगळं एकदम भरू नका, दीड-दोन दिवसांत थोडं थोडं करून रेघेपर्यंत आणा, एकदम बदललेला खारटपणा कोरलना जास्त बाधतो.