व्हिडिओ गेमचे संगीत एकट्या पियानोसाठी मांडताना या चुका टाळा

व्हिडिओ गेममधील आवडती धून पियानोसाठी लिहून काढणाऱ्यांची एक तक्रार नेहमी ऐकू येते: सगळे स्वर बरोबर उतरवले, लयही जुळते, तरी वाजवल्यावर ते संगीत मूळ रचनेसारखे वाटत नाही, किंवा मुळात दोन हातांनी वाजतच नाही. मूळ संगीत ज्या यंत्रासाठी रचलेले असते त्याला बोटे नसतात आणि ते थकतही नाही. त्यातील प्रत्येक आवाजाला काहीतरी काम नेमून दिलेले असते. कोणी धून सांभाळतो, कोणी पोकळी भरतो, तर कोणी केवळ दणका देतो. हे काम न ओळखता आवाज जसेच्या तसे कागदावर उतरवले की पुढील बहुतेक चुका त्यातूनच उद्भवतात.

प्रतिध्वनीला स्वतंत्र धून समजणे

जुन्या कन्सोलच्या (टीव्हीला जोडायच्या गेम यंत्रांच्या) संगीतात ही चूक सर्वाधिक घडते, म्हणून तिच्याकडे थोडे विस्ताराने पाहणे योग्य ठरेल. निन्टेन्डोने १९८३ साली जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉममध्ये ध्वनीचे पाच चॅनेल होते: दोन पल्स (बहुधा धुनीसाठी), एक ट्रँगल (बहुधा बास, म्हणजे खालच्या स्वरांसाठी), एक नॉइज (ठोक्यांसाठी) आणि ध्वनिमुद्रित नमुने वाजवणारा एक. त्या चिपमध्ये प्रतिध्वनी निर्माण करण्याची सोय नव्हती. त्यामुळे संगीतकार अनेकदा दुसऱ्या पल्स चॅनेलवर पहिल्याचीच धून किंचित उशिरा आणि हळू आवाजात वाजवीत, आणि ऐकणाऱ्याला जागा मोठी असल्याचा भास होई. मांडणी करणारा मात्र हा दुसरा आवाज प्रामाणिकपणे टिपतो, त्याला उजव्या हाताच्या आतल्या बोटांकडे सोपवतो आणि मग धून अडखळते का, याचा शोध घेत बसतो.

असा आवाज ओळखण्याची खूण सोपी आहे. पहिल्या आवाजापासूनचे त्याचे अंतर सतत सारखेच राहते, आणि कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह) बदलल्यानंतरही तो मागच्या कॉर्डमधील स्वर क्षणभर रेंगाळत ठेवतो. खरी प्रतिधून असे करत नाही. ती कॉर्डबरोबर आपला मार्ग बदलते. प्रतिध्वनी आहे अशी खात्री पटली की तो स्वरांतून पूर्णपणे काढून टाकावा आणि त्याची जबाबदारी कळ सोडल्यावरही स्वर टिकवणाऱ्या पेडलवर सोपवावी. १९९० च्या सुपर फॅमिकॉममध्ये आठ चॅनेल होते आणि प्रतिध्वनीची सोय यंत्रातच होती, त्यामुळे त्या काळातील संगीतात दुसरा आवाज ऐकू आला तर तो बहुधा खरोखरच दुसरा असतो.

याच वर्गातील दुसरी फसगत म्हणजे जलद फिरणारे स्वर. एका चॅनेलवर एका वेळी एकच स्वर वाजू शकत असल्याने, पडद्याच्या प्रत्येक फ्रेमला, म्हणजे सेकंदाला सुमारे ६० वेळा, स्वर बदलून कॉर्डचा आभास निर्माण केला जाई. कानाला जो थरथरता, खणखणीत आवाज ऐकू येतो तो असा तयार झालेला असतो. तो बत्तिसांश किंवा चौसष्टांश नोटांच्या रांगेत लिहिणे निरर्थक आहे, कारण इतक्या वेगाने कोणीही वाजवू शकत नाही आणि निम्म्या वेगाने वाजवल्यास तो भलताच अलंकार वाटतो. हे स्वर एकत्र करून साधा कॉर्ड लिहावा. मुळातील थरथर जपायचीच असेल, तर त्या कॉर्डवर आरंभी एक झटपट खालून वर जाणारी फेक पुरेशी होते.

मिसळलेल्या ध्वनिमुद्रणावरून हे सारे वेगळे करणे कठीण जाते. फॅमिकॉमच्या संगीताच्या एनएसएफ आणि सुपर फॅमिकॉमच्या एसपीसी प्रकारातील फायली वाजवणाऱ्या अनेक प्रोग्रॅममध्ये एकेक चॅनेल बंद करून ऐकता येतो. तासभर कान ताणण्यापेक्षा तेथे पाच मिनिटे घालवणे केव्हाही चांगले.

वेग आणि पट्टी यांवर डोळे मिटून विश्वास ठेवणे

जुन्या कन्सोलवर संगीताची गती बहुधा पडद्याच्या फ्रेमशी बांधलेली असे. सहा फ्रेमचा एक षोडशांश धरला तर मिनिटाला सुमारे १५० मात्रा होतात. सात फ्रेमचा धरला तर सुमारे १२८.६. मांडणी करणारा मेट्रोनोम १२८ वर लावतो, आणि दोन मिनिटांनी आपली फाइल मूळ ध्वनीपासून एका मात्रेहून अधिक सरकलेली पाहून आपलेच स्वर चुकले असावेत असे समजतो. लिखाणात १२८ चा आकडा खुशाल ठेवावा, परंतु मुळाशी ताडून पाहताना अपूर्णांकाचा हिशेब विसरू नये.

त्याहून मोठा गोंधळ युरोपीय आवृत्त्यांमुळे होतो. तेथील टीव्हीला सेकंदाला ५० फ्रेम लागत, त्यामुळे ज्या खेळांत वेगळी जुळवणी केलेली नव्हती त्यांचे संगीत एक षष्ठांशाने मंदावले. फॅमिकॉमच्या युरोपीय आवृत्तीतील यंत्राचे घड्याळही संथ असल्याने, सुधारणा केली नसेल तेथे स्वर अर्ध्या स्वराहून अधिक खाली उतरले. आपल्या हाती असलेले ध्वनिमुद्रण कोणत्या आवृत्तीचे आहे, हे पहिली नोट लिहिण्यापूर्वीच तपासावे.

पट्टी बदलण्याची घाईही बरी नव्हे. काळ्या कळा टाळण्यासाठी सगळी धून सी मेजरमध्ये आणली की ती वाचायला सोपी होते, पण वाजवायला सोपी होतेच असे नाही. लांब बोटे काळ्या कळांवर आणि अंगठा पांढऱ्या कळेवर अशी हाताची नैसर्गिक ठेवण असल्यामुळे डी-फ्लॅट किंवा ई-मेजरमधील जलद स्वरांच्या ओळी अनेकदा अधिक सहज जातात. पट्टी बदलायचीच असेल, तर धून फार वर किंवा बास फार खाली गेल्याचे कारण असावे.

डाव्या हाताचा चिखल

मांडणी वाजवून पाहिल्यावर खालचा भाग गढूळ वाटतो, ही तक्रार तर सार्वत्रिक आहे. जुन्या कन्सोलवर बास बहुधा ट्रँगल चॅनेलवर असे, आणि ट्रँगल तरंगात उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे सूक्ष्म स्वर) फार क्षीण असतात. केवळ विषम क्रमांकाचे, आणि त्यांतील तिसरा मूळ स्वराच्या जेमतेम एक नवमांश इतका असतो. म्हणून त्या बासच्या अगदी वर पल्स चॅनेलचे स्वर ठेवले तरी दोन्ही वेगळे ऐकू येतात. पियानोच्या जाड तारांतून मात्र उपस्वरांचा मोठा समूह बाहेर पडतो, आणि मध्य सी च्या एक सप्तक खाली दोन जवळचे स्वर एकत्र दाबले की ते समूह एकमेकांवर आदळतात.

उपाय जागेचा आहे. त्या सीमेच्या खाली तृतीयांतर टाळावे. केवळ सप्तक, पंचम किंवा एकटा मूळ स्वर ठेवावा. तृतीय स्वर वगळला की कॉर्ड मेजर आहे की मायनर हे कळेनासे होते, म्हणून तो एक सप्तक वर न्यावा. असे दशमांतर सर्वांच्या हातात बसत नाही. अशा वेळी बास मात्रेवर वाजवून पेडलमध्ये धरावा आणि तृतीय स्वर क्षणभराने वाजवावा, किंवा तो उजव्या हाताच्या अंगठ्याकडे द्यावा. माझ्या मते हा दुसरा पर्याय बहुधा अधिक चांगला असतो, पण नवशिक्यांना तो सुचत नाही, कारण त्यांनी डावा हात म्हणजे बास आणि उजवा म्हणजे धून अशी भिंत मनात उभी केलेली असते. पियानोच्या मांडणीत मधले आवाज कोणत्या हाताचे, हे आधी ठरलेले नसते; त्या क्षणी जो हात मोकळा असेल त्याचे ते असतात.

दुसरी अडचण दमाची. लढाईच्या प्रसंगातील बास अनेकदा अखंड अष्टमांश नोटांमध्ये धावतो. त्याचे सप्तक करून १५० च्या वेगाने दोन मिनिटे वाजवायला सांगितले तर कोपरापासून मनगटापर्यंतचा हात ताठरतो आणि उत्तरार्धात लय ढासळते. येथे खालचा आणि वरचा स्वर आलटून पालटून वाजवावा, दर चौथ्या नोटेला विश्रांती द्यावी, किंवा पूर्ण सप्तक फक्त मापाच्या पहिल्या मात्रेवर ठेवावे. ऐकणाऱ्याला धावण्याची जाणीव होते. किती स्वर गळले हे तो मोजत नाही.

लांब स्वर लांबच लिहिणे

सिंथेसायझरचा किंवा तारवाद्यांचा स्वर चार मापे तसाच टिकतो, वाढूही शकतो. पियानोचा स्वर कळ दाबताक्षणीच मावळू लागतो. स्वरलिपीत चार मापांची जोडनोट लिहिली म्हणून तो टिकत नाही, आणि शांत प्रसंगांच्या मांडण्या पोकळ वाटतात त्या यामुळेच. स्वर जिवंत ठेवायचा तर त्याच्याभोवती हालचाल हवी: आतल्या आवाजांत संथ उलगडणारा कॉर्ड, मापाच्या मध्यावर त्याच स्वराचा हलका पुनराघात, किंवा धुनीच्या खाली उतरत जाणारी एखादी ओळ. ट्रेमोलो (स्वर झपाट्याने पुन्हा पुन्हा वाजवणे) हा शेवटचा पर्याय मानावा. जिकडे तिकडे वापरला तर तो लवकरच नाटकी वाटू लागतो.

धून जितकी वर तितकी ती लवकर विझते. बहुतेक पियानोंमध्ये सर्वांत वरच्या सुमारे दीड सप्तकातील तारांना त्यांचा आवाज थांबवणारे डॅम्परही नसतात, कारण त्यांचा आवाज तसाही क्षणात संपतो. चिपवर चमकणारी उंच धून पियानोवर किरकोळ वाटत असेल, तर ती एक सप्तक खाली आणावी आणि उंच जागा केवळ पुनरावृत्तीसाठी राखून ठेवावी.

पेडल बासच्या बदलाबरोबर बदलावे, धुनीच्या प्रत्येक स्वराबरोबर नव्हे. बास तोच असताना वरचे कॉर्ड बदलत असतील तर अर्धे पेडल (ते पूर्ण न दाबता) वापरून पाहावे.

तालवाद्यांचे भाषांतर

नॉइज चॅनेलचे ठोके लाकडावर बोटांनी वाजवणे गमतीचे असते, पण दोन हात आधीच गुंतलेले असतात. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरील स्नेअर (ड्रमचा कडक ठोका) तेथेच आखूड, कोरडा कॉर्ड देऊन सुचवता येतो. हाय-हॅट झांजेची जागा आतल्या आवाजातील हलक्या, पुनरावर्ती स्वराने घेता येते. ज्या मापांत हे जमत नाही तेथे ताल सोडून द्यावा. रसिकाच्या कानात तो एकदा बसला की काही मापे नसला तरी चालतो.

लूपला शेवट नसतो, मांडणीला लागतो

खेळातील रचना खेळाडू त्या जागी असेपर्यंत फिरत राहते. म्हणून तिच्या शेवटच्या मापात बहुधा असा कॉर्ड असतो जो आरंभाकडे ओढतो, आणि मांडणी तेथेच थांबवली की ती तुटल्यासारखी वाटते. खेळांच्या अल्बममध्ये धून अनेकदा दोनदा फिरवून आवाज हळूहळू बंद केला जातो. ती युक्ती पियानोवर क्वचितच पटते. मूळ कॉर्ड एक-दोन मापे लांबवून, किंवा आरंभीच्या ओळीचा एखादा तुकडा मंद लयीत परत आणून स्पष्ट समाप्ती लिहावी.

दोन फेऱ्या हुबेहूब सारख्या ठेवणे ही तर मांडणीची सर्वांत मोठी संधी वाया घालवणे आहे. खेळताना हात आणि डोळे गुंतलेले असल्याने पुनरावृत्ती खटकत नाही. पियानोसमोर बसलेल्या श्रोत्याला ती लगेच जाणवते. दुसऱ्या फेरीत धून डाव्या हाताकडे, मधल्या पट्ट्यात द्यावी, साथ विरळ करावी किंवा कॉर्ड थोडे बदलावेत. ज्या खेळांत संकट जवळ आल्यावर त्याच लयीत नवे थर चढतात, तेथे हा आराखडा आयताच मिळतो: शांत थर प्रथम, संकटाचा थर दुसऱ्या फेरीत, आणि समाप्तीला पुन्हा पहिला.

मिडी फाइलवर काम संपले असे मानणे

तयार मिडी फाइल (कोणता स्वर केव्हा आणि किती वेळ वाजवायचा याची नोंद) स्वरलिपीच्या प्रोग्रॅममध्ये उघडली की पाने भरतात, पण ती वाचता येतातच असे नाही. प्रोग्रॅम मध्य सी च्या वरचे सगळे उजव्या हाताला आणि खालचे डाव्याला देतो, स्वर किंचित आधी सुटला की तेथे चौसष्टांश विश्रांती लिहितो, आणि कॉर्डचे नाव त्याला ठाऊक नसते. गेमच्या संगीतात ए-फ्लॅट, बी-फ्लॅट आणि मग सी असा विजयी कॉर्डक्रम वारंवार येतो. प्रोग्रॅम त्यातील पहिला कॉर्ड अनेकदा जी-शार्प, सी आणि डी-शार्प असा लिहितो. आवाज तोच येतो, परंतु वाचणाऱ्याची बोटे तेथे दरवेळी अडखळतात.

सर्व स्वर बरोबर असूनही धून ओळखू येत नसेल, तर साथीचा एखादा स्वर धुनीच्या वर गेला आहे का हे प्रथम पाहावे. कान सर्वांत वरच्या स्वरालाच धून मानतो. तो स्वर खाली आणता येत नसेल तर वगळावा. कॉर्डमधील दुप्पट झालेला मूळ स्वर किंवा पंचम गेला तरी फारसे बिघडत नाही, तृतीय आणि सप्तम मात्र राखावेत. लिहिलेले प्रत्येक माप प्रत्यक्ष पियानोवर, अपेक्षित वेगाने वाजवून पाहावे, कारण संगणकाला प्रत्येक झेप शक्य असते.

प्रकाशनापूर्वी हक्कांचा प्रश्न उरतो. स्वतःसाठी मांडणी करणे वेगळे आणि तिची स्वरलिपी विकणे वेगळे. विक्रीसाठी मूळ रचनेच्या हक्कधारकाची परवानगी लागते, स्वरलिपी तुम्ही स्वतः लिहिलेली असली तरीही. १९८९ च्या गेम बॉयवरील टेट्रिसची प्रसिद्ध धून एका जुन्या रशियन लोकगीताची आहे, आणि ते लोकगीत कोणीही मांडू शकतो. परंतु खेळातील त्याची विशिष्ट साथ आणि बास उतरवून घेतला, तर ती दुसऱ्या कोणाची तरी मांडणी ठरू शकते. अशा वेळी लोकगीताच्या मूळ चालीपासून सुरुवात करावी आणि साथ स्वतःची लिहावी.