सिंगल माल्टमध्ये पाणी घाला, पण चमच्याने

सिंगल माल्ट म्हणजे एकाच कारखान्यात, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून बनवलेली व्हिस्की. स्कॉटलंडच्या आयला बेटावरची आर्डबेग 10 घ्या. बाटलीवर अल्कोहोल 46 टक्के लिहिलेलं असतं. 30 मिली ओतलीत आणि त्यात चहाचा एक चमचा, म्हणजे 5 मिली पाणी घातलंत, की ती साधारण 39 टक्क्यांवर येते. चवीतला फरक कळायला एवढं पुरे. पण आधी कोरीच हुंगा. ग्लास तोंडाशी निमुळता हवा आणि नाक आत खुपसायचं नाही, नाहीतर अल्कोहोलचा झणका बसतो आणि पुढचं काही कळत नाही. ओठ किंचित उघडे ठेवून हुंगलं की धूर, आयोडीन, लिंबाची साल असे वास सुटे होतात. धुराचा वास येतो तो पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींच्या वाळवलेल्या मातीच्या, आगीवर वाळवलेल्या बार्लीमुळे, व्हिस्की मुरवतात त्या पिंपामुळे नव्हे.

मग एक छोटा घोट, जिभेवर थोडा घोळवून. त्यानंतर पाणी, तेही अर्ध्या अर्ध्या चमच्याने, आणि दर वेळी पुन्हा हुंगायचं. ग्लास किंचित गढूळ झाला तर घाबरू नका. आर्डबेग थंड करून गाळलेली नसते, त्यामुळे तिच्यातले तेलकट घटक पाणी पडल्यावर असे दिसू लागतात.

बर्फ मात्र नको. थंडीने वास दबतो. प्यायला बर्फ घालून खुशाल प्या, पारखताना नाही. आणि रंगावरून व्हिस्कीचं वय ठरवू नका. स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग घालायला कायद्याने परवानगी आहे.