हाडाच्या शस्त्रक्रियेत हयगय झाली असे वाटल्यास दावा कसा करावा

मोटारसायकल घसरून नडगीचे हाड मोडले, तालुक्याच्या खाजगी दवाखान्यात सळई टाकली आणि कित्येक महिन्यांनंतरही पाय टेकवत नाही, एवढ्यावरून डॉक्टरांचा दोष सिद्ध होत नाही. हाड न जुळणे किंवा जखमेत पू होणे पुरेशी काळजी घेऊनही घडू शकते. सर्वसाधारण कौशल्याच्या अस्थिरोगतज्ज्ञाने त्या परिस्थितीत जे केले असते ते झाले नाही आणि त्यामुळेच अपाय झाला, हे दाखवावे लागते.

म्हणून भांडणाआधी कागद मिळवावेत. दवाखान्याकडे लेखी अर्ज करून पोच घ्यावी. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार मागणीनंतर 72 तासांत नोंदी देणे बंधनकारक आहे आणि दाखल रुग्णाच्या नोंदी 3 वर्षे जपाव्या लागतात. केसपेपर, संमतिपत्र, शस्त्रक्रियेची नोंद आणि आधीचे-नंतरचे एक्स-रे मागावेतच, पण परिचारिकांच्या वेळेसह केलेल्या नोंदी विसरू नयेत. नडगी मोडल्यावर पोटरीतील स्नायूंच्या कप्प्यांत दाब वाढला, तर औषधाला न जुमानणारी वेदना होते, पायाची बोटे ताणताच कळ येते, आणि काही तासांतच स्नायू कायमचे निकामी होऊ लागतात. रुग्ण रात्री कण्हत असताना डॉक्टर केव्हा आले, प्लास्टर केव्हा सैल केले, यावर असा दावा टिकतो किंवा पडतो.

आधी हाडवैद्याकडे बांबूच्या पट्ट्या घट्ट बांधून घेतल्या असतील, तर ते लपवू नये. समोरचा वकील ते हमखास काढतो.

त्यानंतर हे कागद दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवून लेखी मत घ्यावे. जवळपासचे डॉक्टर एकमेकांविरुद्ध लिहायला कचरतात, तेव्हा नागपूर किंवा सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात विचारणे बरे. चुकीच्याच पायावर शस्त्रक्रिया झाली असेल, तर अशा मतावाचूनही प्रकरण उभे राहू शकते.

पैसे देऊन उपचार घेतले असल्यास तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात, तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत करावी. रुग्ण राहतो त्या जिल्ह्यातही ती करता येते, वकील सक्तीचा नाही, आणि उपचारासाठी दिलेली रक्कम 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. सर्वांना मोफत सेवा देणारे सरकारी रुग्णालय मात्र, सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या निकालानुसार, ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर आहे. तेथे दिवाणी न्यायालयाचा मार्ग उरतो. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळू शकतो. महाराष्ट्र वैद्यकीय परिषद डॉक्टरांवर शिस्तभंगाची कारवाई करू शकते, भरपाई देत नाही. रागाच्या भरात पोलिसांत जाण्याचा फारसा उपयोग नाही, कारण फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा अतिशय गंभीर असावा लागतो.

भरपाईची रक्कम मोघम लिहू नये. शेतमजुराकडे पगारपत्रक नसते, त्यामुळे बुडालेल्या मजुरीसाठी मालकाचे लेखी निवेदन, स्वतःची शेती असल्यास सातबारा व कापूस-सोयाबीन विक्रीच्या पावत्या, आणि सोबत अपंगत्वाचे प्रमाणपत्र जोडावे.